टांकसाळीची नोंद

वारसा जतनाच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी तिनं जुन्या टांकसाळीची भिंत न् भिंत मोजली. पडक्या भट्टीत पोटावर सरपटत जाऊन नकाशे काढले. इमारत वाचवायचीच, या एका ध्यासानं लिहिलेला तिचा प्रबंध विद्यापीठात पहिला आला आणि महिन्याभरात टांकसाळीवर बुलडोझर चालला. ती तडक विद्यापीठात, तिच्या मार्गदर्शक सरांकडे गेली.

“सर, पाडायची परवानगी मिळालीच कशी?”

सरांनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. “अगं, तुझ्या प्रबंधामुळेच मिळाली. वारसा समितीचं म्हणणं पडलं, इतकी बारीक नोंद झालीय, मग इमारत ठेवायची कशाला?”

“आणि तुम्ही ऐकून घेतलंत?”

“मीच समितीचा अध्यक्ष आहे,” सर तिची नजर चुकवत म्हणाले. “हे बघ, अजून बऱ्याच इमारती जायच्यात. त्याआधी त्यांची अशीच नोंद करायला माणूस हवंय. मी तुझं नाव सुचवलंय.”

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ती ताडकन उठली आणि दारापर्यंत गेली. घरी वडील रोज विचारत होते, नोकरीचं कुठवर आलं?

ती मागे वळली. “सर, रुजू कधी व्हायचं?”