पेटीवाल्याची बहीण

अंकुशनगरच्या चाळीत साप्ताहिकातली चित्रकथा नंदाच वाचून दाखवायची. बाकी बायांना वाचता येत नव्हतं. मागच्या अंकात गायिकेचा आवाज कायमचा गेला होता आणि तिला साथ करणारा तिचा नवरा, पेटीवाला, घर सोडून निघून गेला होता. तो परत येणार का, यावरून बाया आठवडाभर नळावर भांडल्या होत्या.

नंदानं पान उलटलं. जरा थांबली आणि वाचलं, "पेटीवाला परत आला. सोबत त्याची बहीण होती."

बायांना हायसं वाटलं. गोजरबाईनं मात्र चित्रावर बोट ठेवलं. "बहिणीला मुंडावळ्या कशाला बांधल्यात गं?"

बाया वाकून बघायला लागल्या आणि एकदम भडकल्या.

"मुडदा बशिवला त्या पेटीवाल्याचा!"

"अन् त्या दुसरीला उंबरा ओलांडताना लाज न्हाई वाटली?"

मग एकेक करून सगळ्या गप्प झाल्या. नंदाकडं कुणी बघेना.

"आता बराबर वाच, नंदा," गोजरबाई म्हणाली. "अन् मोठ्यानं वाच. आपल्या दोघींचा नवरा आत जागाच हाये."