नुसत्या पाण्याची नळी

नुसत्या पाण्याच्या नळीत सफरचंद कसं असेल? प्रयोगशाळेतल्या मॅडमनी चष्मा पुसून यंत्राच्या पडद्यावरचा कालचा निकाल पुन्हा पाहिला. होतंच. आता आली का पंचाईत!

जॅममध्ये, रसात खरोखर कुठलं फळ आहे ते डीएनएवरून ओळखायचं, हे त्यांचं काम. प्रत्येक तपासणीला नमुन्यासोबत एक नळी नुसत्या पाण्याची लावायची. तिच्यात काही म्हणजे काही सापडता कामा नये. सापडलंच, तर समजायचं की भेसळ कारखान्यात नाही, इथे आपल्याच हातून झाली. पण ती नळी वर्षानुवर्षं कोरीच निघत आलेली, म्हणून काल मॅडमनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. अंजिराच्या जॅममध्ये स्वस्तातलं सफरचंद कालवलंय, असं जॅमवाल्याला फोनवर सांगून त्या मोकळ्या झाल्या होत्या. तो बिचारा गयावया करत होता, तर उलट त्यालाच सुनावलं, “यंत्र खोटं बोलत नाही हो!”

मग हे शिरलं कुठून? मॅडमनी खुंटीवरचा कालचा पांढरा कोट काढला आणि बाही उजेडात धरली. मनगटापाशी पिवळट डाग वाळला होता. धुतलेला कोट हातावर टाकून काल घरातून निघताना नातवानं बाही घट्ट पकडली होती, सोडायलाच तयार नव्हता. किसलेलं सफरचंद खात बसला होता लबाड.

मॅडमनी दुसरा कोट चढवला, टेबल घासून पुसलं आणि सगळी तपासणी पहिल्यापासून केली. दुपारी निकाल आला. पाणी कोरं. जॅममध्ये अंजीर, फक्त अंजीर.

जॅमवाला बाहेरच्या बाकावर येऊन बसलाच होता. ‘फेरतपासणीत माल शुद्ध निघाला’ एवढं म्हटलं असतं तरी तो हात जोडून निघून गेला असता. कुणाला काय कळणार होतं? पण मॅडमना तसं करवेना. त्या बाहेर आल्या आणि उभ्या उभ्याच बोलल्या, “तुमचा जॅम चोख आहे. चूक माझी. सफरचंद माझ्या बाहीला लागलेलं होतं.”

तो हुश्श करेल, फार तर चार शब्द सुनावेल, असं त्यांना वाटलं होतं. तो आपल्या उजव्या तळहाताकडे पाहत राहिला.

“जॅम शिजवायचं काम माझा धाकटा भाऊ बघतो,” तो म्हणाला. “काल तुमचा फोन ठेवला आणि सगळ्या कामगारांसमोर त्याच्या कानाखाली वाजवली. चोर म्हणालो त्याला. तो आपला एकच म्हणतोय, दादा, मी नाही रे, तुझी शपथ. मी त्याला घराबाहेर काढलं, मॅडम.”



“त्याला बोट धरून चालायला मी शिकवलं,” जॅमवाला पुढे म्हणाला, “आणि ऐकलं कुणाचं, तर यंत्राचं.” आवाजात राग नव्हता, आणि तेच मॅडमना जास्त लागलं. आपण त्याच्या घरात आग लावली, हे त्यांना आता पुरतं कळलं.

“नंबर लावा,” त्या म्हणाल्या. “मी बोलते त्याच्याशी. माझी चूक मीच सांगते.”

“तुम्हीच सांगा. मला तर तोंडच राहिलं नाही त्याच्याशी बोलायला.” त्यानं कसाबसा नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला.

एक रिंग पुरी व्हायच्या आत पलीकडून फोन उचलला गेला. मॅडम तोंड उघडणार, तोच घाईघाईनं आवाज आला, “दादा, आधी ऐक, ठेवू नकोस. रात्रभर विचार केला मी. सफरचंद मीच घातलं, असं त्या मॅडमना लिहून देतो. तुझा कारखाना तरी वाचेल.”



जॅमवाला बाकावरून अर्धवट उठला. “काय म्हणतोय?” त्यानं हळूच विचारलं. “फार चिडलाय का हो?”