शाळा की मैदान

"इथं एक तर शाळा राहील, नाहीतर मैदान," पालिकेच्या पंकजा मॅडमनी पुन्हा एकदा समजावलं. "दोन्ही राहणार नाहीत. तुम्ही दोघांनी मिळून काय ते सांगा, मी आत्ता लिहून घेते."

मालनबाईंनी पदर खोचला. समोरच्या बाकावरच्या सिद्धोधननं मान दुसरीकडे फिरवली.

आधीच्या सुनावण्या पालिकेच्या सभागृहात झाल्या होत्या आणि दर वेळी शेवटी शिपायाला मध्ये पडावं लागलं होतं. म्हणून या वेळी मॅडम स्वतः वस्तीत आल्या आणि शाळेच्या व्हरांड्यात बसल्या. आपल्या दारात माणूस जरा मवाळ होतो, असं त्यांना वाटे. नोकरीत नव्या होत्या, असं वाटायचे दिवस होते.

परभणी चारी अंगांनी वाढत होती. पालिकेनं शहरातल्या शाळांची आणि मैदानांची नव्यानं मांडणी काढली होती. रेल्वे गेटाअलीकडच्या या जागेवर आजवर दिवसा शाळा भरायची आणि संध्याकाळी त्याच पटांगणात कबड्डी चालायची. नव्या आराखड्यात मात्र एका जागेला एकच काम. शाळा ठेवली तर पटांगणावर वर्गखोल्या येणार आणि कबड्डी शहराच्या दुसऱ्या टोकाला जाणार. तरुणांसाठी क्रीडा केंद्र केलं, तर शाळा गेटापलीकडच्या मोठ्या शाळेत विलीन.

मालनबाई शाळेच्या समितीत होत्या. मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेले. दुसरीतली नात, संघप्रिया, त्यांच्याजवळ.

"मॅडम, ते गेट सारखं लागलेलं ऱ्हातंय," त्या म्हणाल्या. "मालगाडी हुबी असली की लेकरं डब्याखालून निघतेत. मी नातीला तिकडं धाडनार न्हाई. ती घरी बसंल. आन् पोरगी घरी बसली की तिचं काय व्हतंय, ते तुमाला सांगावं लागतंय का?"

मॅडमना सांगावं लागत नव्हतं.

"आन् मपल्या पोरांचं काय?" सिद्धोधन उसळला. दिवसा तो गॅरेजात काम करायचा आणि संध्याकाळी पोरांना कबड्डी शिकवायचा. "हे पटांगण गेलं की पोरं पुलाखाली पत्ते कुटत बसतेत. आता पोरी बी खेळायल्यात. घरचे कामून धाडतेत त्यायला? दाराम्होरं हाय म्हनून. लांब कोन धाडंल?"

मॅडमना दोघांचंही पटत होतं आणि तेच त्यांचं दुखणं होतं. एकाच्या बाजूनं लिहावं तर दुसऱ्याच्या लेकरांचं नुकसान आपल्या हातून व्हायचं. त्यात वरच्या साहेबांनी बजावलेलं, की वस्तीचं एकमत आणा, भांडणाच्या जागेला पालिका हात लावणार नाही.

चहा आला. विळ्या-भोपळ्याचं सख्य तिथंही दिसलं.

"त्येच्या संगं मी च्या पेनार न्हाई," मालनबाई म्हणाल्या.

"मला तरी कुठं गोड लागायलाय?" सिद्धोधननं कप बाजूला सारला.

मॅडमनी तरी धीर सोडला नाही. "मालनबाई, समजा, लेकरांना गेटापलीकडे न्यायला पालिकेनं रिक्षा लावून दिली तर?"

मालनबाई विचारात पडल्या. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या जराशा सैल झाल्या. मॅडमनी घाईनं पेनाचं टोपण काढलं.

"द्या की रिक्षा," सिद्धोधन मध्येच म्हणाला. "ह्या बाईला बाजाराला फुकट फिरायची सोय व्हतीया."

झालं. मालनबाई ताडकन उठल्या. कोण कुणाच्या बापजाद्यांपर्यंत पोचलं ते सांगण्यात अर्थ नाही. मुख्याध्यापक व्यंकटराव दोघांच्या मध्ये उभे राहिले आणि दोन्हीकडची बोलणी त्यांनीच खाल्ली.

जरा शांत झाल्यावर मॅडम सिद्धोधनकडे वळल्या. "तुम्ही तरी ऐका. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या त्या मैदानावर मी तुमच्या पोरांसाठी रोज संध्याकाळची वेळ राखून ठेवते. लेखी देते."

सिद्धोधन घुटमळला. त्यानं पायातल्या चपलेकडे पाहिलं. "रोजची दिली, तर मग..."

"घे की मग," मालनबाई कडाडल्या. "पोरांच्या नावानं सोताचंच घोडं दामटायचंय न्हवं तुला? सायबाच्या दारात पुढारी म्हनून मिरवायचंय."

सिद्धोधननं बाक लाथाडला. या वेळी व्यंकटराव मध्ये पडले नाहीत.

मॅडमनी फाइल ओढली आणि मोठ्यानं वाचत लिहिलं, "वस्तीत एकमत नाही. पुढील सुनावणीपर्यंत जागा जैसे थे." मग पेन बंद केलं. "तुमचं जुळत नाही तोवर इथली वीटसुद्धा हलणार नाही. मग तुमचे वाद तुम्हाला लखलाभ."

त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. इतकी भली दोन माणसं, दोघांनाही लेकरांची काळजी, आणि एकमेकांचं तोंड पाहायला तयार नाहीत.

मालनबाई त्यांना गाडीपर्यंत पोचवायला गेल्या. "मॅडम, तुमी लय चांगल्या हाव," त्या हळूच म्हणाल्या. "तुमच्या जिवाला तरास दिला. राग धरू नका."

"रागाचं नाही हो," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या वेळी तरी जरा समजुतीनं घ्या."

"बघते," मालनबाई म्हणाल्या.

शाळा सुटली. लेकरं दप्तरं घेऊन घरोघर पांगली आणि थोड्याच वेळात पोरं-पोरी पटांगणावर फक्कीच्या रेघा मारू लागली. मॅडमची गाडी गेटाशी बराच वेळ थांबली. मग मालगाडी गेली, गेट उघडलं आणि गाडी पलीकडे दिसेनाशी झाली.

तसा सिद्धोधन व्हरांड्याच्या पायरीवर मालनबाईंना खेटून बसला.

"आत्या," तो म्हणाला, "पुढल्या सुनावनीला भांडन मी काढू, का तू काढतीस?"