मुठीतलं मीठ

"आजी, ते बघ!" ऋषी ओरडला आणि दोन्ही आज्यांनी एकदम माना वळवल्या.

त्याला हवी होती दुर्बीणआजी. म्हणजे त्याच्या आईची आई, रतनताई. शैलाताईंनी वळवलेली मान तशीच खाली घालून पदराने घाम पुसल्यासारखं केलं. त्या बाबांच्या आई. त्यांचं नाव डबाआजी. ही नावं पोरानेच ठेवली होती आणि घरात सगळ्यांना त्याचं भारी कौतुक. आता डबा हे काय आजीचं नाव झालं?

खडकवासल्याच्या पाण्यामागची टेकडी. सगळ्यांच्या पुढे रतनताई, पायात बूट, गळ्यात दुर्बीण. शनिवार पेठेतल्या मैत्रिणींबरोबर दर रविवारी कुठला ना कुठला डोंगर चढायचा, हा त्यांचा नेमच. त्यांचा हात धरून ऋषी. मधे त्याचे बाबा आणि आई, विश्वजीत आणि तेजस्विनी. आणि शेवटी शैलाताई, पहाटे उठून बिबवेवाडीहून करून आणलेल्या पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि काकड्यांची पिशवी सांभाळत. विश्वजीतने पिशवी मागितली, पण त्यांनी काही दिली नाही. पिशवी तरी आपली राहू दे.

"ती केशरी बदकं आहेत ना पाण्यावर, ते चक्रवाक," रतनताई सांगत होत्या. "थंडीसाठी येतात. यंदा लवकर आलेत. पार हिमालय ओलांडून बरं का."

"विमानाने?"

"स्वतःच्या पंखांनी, राजा."

राजा म्हणे! शैलाताईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. हा राजा तापाने फणफणतो तेव्हा कुणाच्या मांडीवर निजतो? तेव्हा कुठे असते ती दुर्बीण?

ऋषी धावत मागे आला. त्यांना वाटलं, आला बाई एकदाचा. तो म्हणाला, "डबाआजी, दिवाळीच्या सुट्टीत मी दुर्बीणआजीकडे राहणार आहे. आम्ही रोज पक्षी बघणार."

"सगळी सुट्टी?"

"सगळी!"

दर दिवाळीला तो बिबवेवाडीला असायचा. त्याच्या किल्ल्यासाठी शैलाताईंनी गच्चीवर मातीची दोन पोती आणून ठेवली होती. गुडघे धरून एकेक पायरी चढत.

"हो का? छानच की," त्या हसून म्हणाल्या. आणि मनात म्हणाल्या, घसरू दे एकदाचा या बाईचा पाय. बूट आणि दुर्बिणीसकट.

टेकडी उतरून सगळे पाण्याकाठी आले. जेवायला सावली शोधायला रतनताई पुढे झाल्या, शेवाळलेल्या दगडावर त्यांचा बूट सरकला आणि "आई गं!" म्हणून त्या खालीच बसल्या. बघता बघता घोटा टम्म सुजला.

शैलाताईंनी पिशवी तिथेच खाली ठेवली. अगं बाई, हे मागितलं होतं, पण असं लगेच थोडंच द्यायचं असतं!

कच्च्या रस्त्याने गाडी काठापर्यंत येईल का ते बघायला विश्वजीत आणि तेजस्विनी निघाले. ऋषीचं रडं थांबेना, म्हणून त्यालाही घेऊन गेले. दोघी विहिणीच उरल्या.

शैलाताईंनी रतनताईंचा पाय पिशवीवर टेकवला. ओला रुमाल घोट्याला गुंडाळला. तरी त्यांना काही चैन पडेना. शेवटी त्यांनी डब्यातून काकडीसाठी आणलेली मिठाची पुडी काढली. मोहऱ्या नव्हत्या, मिरच्या नव्हत्या. आता आहे त्यावर भागवायचं. मूठभर मीठ घेऊन त्या रतनताईंसमोर उभ्या राहिल्या आणि मूठ त्यांच्या डोक्यापासून पायांपर्यंत उतरवू लागल्या.

"आल्याची, गेल्याची, वाटेवरची, झाडावरची, पाण्यावरची..."

मग त्या थांबल्या. आवाज खाली आला.

"आणि घरातल्या माणसाची."

"शैलाताई," रतनताई डोळे मिटूनच म्हणाल्या, "माझा नाही हो असल्यावर विश्वास."

"नसू दे. दृष्ट लावणाऱ्याचा असला की पुरे."

रतनताईंनी डोळे उघडले. शैलाताईंनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. मीठ पाण्यात सोडायला त्या तशाच वळल्या.

"अहो, सगळं टाकू नका."

"का? खारट होईल पुण्याचं पाणी?"

"थोडं ठेवा मुठीत. लागेल."

"आता आणखी कशाला?"

रतनताईंनी गळ्यातली दुर्बीण काढून बाजूला दगडावर ठेवली.

"चढताना एवढे पक्षी दाखवले त्याला. प्रत्येक वेळी बघून झालं की एकच विचारायचा, डबाआजी डबा कधी उघडणार? डोंगर संपला तरी तेच." त्यांनी हात पुढे केला. "द्या ते मीठ इकडे. आणि बसा अशा माझ्यासमोर. मला काही येत नाही, कसं म्हणायचं ते तुम्हीच सांगा."