पेरांवरचा आकडा

“खाली हाय गाडी,” टिप्परचा ड्रायव्हर म्हणाला. मागच्या फाळक्यातून पाणी ठिबकत होतं आणि ताडपत्रीच्या कडेला ओली वाळू चिकटली होती.

महामायानं रस्त्यावर मांडलेल्या वजनकाट्याकडे पाहिलं. एकतीस टन. तिनं टॅबमध्ये ‘रिकामी’ हे ड्रायव्हरचं म्हणणंही लिहिलं आणि वजनही लिहिलं. गाडी कुठून आली, कुठं चालली, माल कोणता, वजन किती, सरकारी मोजणीत एवढंच विचारायचं तिचं काम. देशात कुठला रस्ता रुंद करायचा, कुठला पूल नवा बांधायचा, हे म्हणे या आकड्यांवरून ठरणार होतं. शिरूर अनंतपाळकडच्या या रस्त्यावर पुढं दोन किलोमीटरवर एक जुना पूल होता. त्याला नुसता गिलावा करून भागवायचं की पाडून नवा बांधायचा, ते आजच्या मोजणीवर होतं.

लाल झेंडी दाखवून गाड्या थांबवणाऱ्या म्हाताऱ्या ग्यानोबाला त्या पुलाचीच काळजी होती. त्याची नात शिवांगी रोज त्याच पुलावरून ऑटोत बसून लातूरला क्लासला जायची. वाळूची गाडी आली की पूल हलतो, असं ती सांगायची. म्हणून वाळूच्या भरलेल्या गाड्या तो स्वतः वेगळ्या मोजत होता. लातूरच्या आडतीत तीस वर्षं पोती मोजली तशाच. उजव्या हाताच्या पेरांवर अंगठा सरकवायचा, बारा झाली की डाव्या हाताचं एक पेर पुढं. तोंडानं कितीही गप्पा मारा, आकडा बोटांवर राहतो. डोक्यात मात्र राहत नाही, हे तो हसत हसत कबूल करायचा.

झेंडी काखेत धरून त्यानं उजवा अंगठा एक पेर पुढं सरकवला.

टिप्पर थोडा पुढं जाऊन थांबला. ड्रायव्हरनं फोन लावला. बंदोबस्ताचा होमगार्ड चहाला गेला तो गेलाच होता. असल्या वेळी यांना नेमकी तहान लागते.

पंधरा मिनिटांत पांढरी जीप आली. वाळूच्या गाड्यांचा मालक उमाशंकर खाली उतरला, त्याच्यामागं दोघं.

“मॅडम, सगळ्या गाड्या खाली होत्या. तसं लिहा.”

“वजन काटा सांगतोय. मी मनानं लिहीत न्हाई.”

उमाशंकरनं तिच्या हातातला टॅब हिसकावून टिप्परच्या चाकापुढं टाकला आणि ड्रायव्हरला हात केला. चाक टॅबवरून गेलं. आवाज फार मोठा झाला नाही. रेंज नव्हती, त्यामुळं सकाळपासूनचं काहीच वर गेलं नव्हतं. सगळं त्या टॅबमध्ये होतं. महामाया चाकाकडे धावली. एकानं तिचे केस धरले आणि तिचं कपाळ काट्याच्या लोखंडी पाट्यावर आपटलं. काट्यानं शून्य दाखवलं. माणसाचं वजन त्याला कळत नव्हतं.

ग्यानोबा मध्ये शिरला. त्यानं हात उचलला नाही, नुसता छातीनं आडवा झाला.

त्याच्या दोन्ही मुठी आवळलेल्या उमाशंकरला दिसल्या. “म्हाताऱ्या, टॅबमधलं कार्ड काढून घेतलंस का? मुठीत काय हाय?”

“काय बी न्हाई.”

“मग उघड.”

ग्यानोबानं उघडली नाही.

जीपमधून पाना आला. पहिला फटका मनगटावर बसला, दुसरा बोटांवर. हाड मोडलेलं महामायाला पडल्या जागी ऐकू आलं. मार चुकवायला माणूस हात डोक्यावर घेतो. ग्यानोबानं दोन्ही मुठी पोटाशी धरल्या, त्यांच्यावर अंग मुडपून घेतलं आणि डोकं, पाठ, बरगड्या त्या तिघांना मोकळ्या सोडल्या. त्यांनी काही सोडलं नाही.

“उघड म्हणतोय ना तुला.”

एकजण बूट रोवून त्याचं मनगट दाबत होता, दुसरा करंगळीत पाना घालून मूठ उचकटायला बघत होता. ग्यानोबाच्या तोंडातून रक्त आलं, पण आवाज आला नाही.

तेवढ्यात वळणावर निलंग्याची एसटी दिसली आणि जीप पळाली. टिप्परही पळाला. प्रवाशांनी आधी मोबाईल काढले, मग माणसं उचलली.

लातूरच्या दवाखान्यात डॉक्टरनं त्याच्या बोटांवरून हात फिरवला. बोटं सुजून काळीनिळी पडली होती. “बाबा, मूठ सरळ करावी लागंल. रक्त पोचत नाही बोटात.”

“जरा थांबा. त्या मॅडमला बोलवा.”

महामाया कपाळाला पट्टी बांधून आली.

“कोरा कागुद हाय का?”

तिच्या पिशवीत एक छापील फॉर्म घडी घालून होता. तो तिनं कॉटवर पसरला. ग्यानोबानं नर्सकडून आपला डावा हात डोळ्यांजवळ आणवून घेतला.

“करंगळीचं तिसरं पेर. बारा त्रिक छत्तीस.”

मग उजवा. करंगळीशेजारच्या बोटाच्या मधल्या पेरात अंगठ्याचं नख रुतून बसलं होतं. त्यानं करंगळीपासून पेरं नजरेनं मोजली.

“आन् हे पाच. एक्केचाळीस. वाळूच्या, भरलेल्या. लिही, माय.”

दिवसभर तो तिला मॅडम म्हणत होता.

“लिहिलंस?”

“लिहिलं, बाबा.”

“सही कर खाली.”

तिनं सही केली. तो डॉक्टरकडे वळला.

“आता उघडा.”

डॉक्टरनं अंगठा धरला आणि हळूच पेरावरून सोडवला. तेव्हा कुठं ग्यानोबा ओरडला.