सोडलेली लिफ्ट

बालीची तिकिटं काढून झाल्यावर सुजय हसत म्हणाला, "आई, डोंगरावरच्या त्या जुन्या देवळाला तीनशे पायऱ्या आहेत. तुझे गुडघे काही ऐकायचे नाहीत. तू आपली खाली बसून आमच्या चपला सांभाळ."

आषाढी एकादशीला सरलाताईंनी देवापुढे पाणी सोडून चातुर्मासाचा नेम धरला. दरवर्षी त्या वांगं सोडत, यंदा त्यांनी लिफ्ट सोडली. घर लखनौच्या वृंदावन योजना या वसाहतीत, आठव्या मजल्यावर.

"अम्माजी, लिफ्ट तो चालू है," पहिल्याच दिवशी खालचा गार्ड म्हणाला.

"चालू है भैया, पर हमने छोड़ दी है."

सुरुवातीला दुसऱ्या मजल्यावरच भिंत धरावी लागे. मग त्या रामरक्षा म्हणत एकेक पायरी चढू लागल्या. श्रावण गेला, भाद्रपद गेला आणि दिवाळीपर्यंत भिंत सुटली.

कार्तिकी द्वादशीला प्रवासाची खरेदी करून मायलेक परतले. सुजयने लिफ्टचं दार धरून ठेवलं. "संपला ना तुझा नेम? चल, ये आता."

"आजच्या दिवस तूच ये माझ्याबरोबर," त्या हळूच म्हणाल्या.

रामरक्षा संपली तेव्हा त्या घराच्या दाराशी होत्या. सुजय पाचव्या मजल्यावर कठडा धरून धापा टाकत होता.

"सुजय," वरून त्यांचा नेहमीचा मऊ आवाज आला, "बालीत तू खालीच बस हो. चपला सांभाळायलाही कुणीतरी लागतंच."