महागाच्या नावाची

एकच गाडी दोन कंपन्या दोन नावांनी विकतात, हे जावातल्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. तरी वागिमिन शेजारच्या कासनला वर्षभर टोचत राहिला. "माझ्या पोराने जकार्तात महागाच्या नावाची घेतलीय. तुझी म्हणजे तिची गरिबाघरी दिलेली बहीण."

कासन ऐकत आपली गाडी पुसत राहायचा.

ईदच्या सकाळी नमाजाहून परतताना वागिमिनला आपल्या फाटकात आडवी लावलेली पांढरी गाडी दिसली. मागे स्वस्तातल्या कंपनीचा लोगो, म्हणजे कासनचीच. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खिशातली किल्ली काढून त्याने दोन्ही बाजूंनी, या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरखडे ओढले. कासन ओसरीवरून बघतोय हे दिसल्यावर आणखी एक ओढला, थेट नावावर.

कासन सावकाश खाली उतरला. रिवाजाप्रमाणे त्याने दोन्ही हात पुढे केले.

"आजच्या दिवशी शेजाऱ्याची माफी मागायची असते. मला माफ कर, वागिमिन. तुझं उरकेपर्यंत मी मुद्दाम गप्प बसलो. माझी गाडी मागच्या अंगणात आहे. ही तुझ्या पोराची, तोच घेऊन आलाय."